चोर सोडून संन्याशाला

पुण्याचा एक तरुण इंजिनिअर नोकरीनिमित्त स्टुटगार्टला राहत होता. पगार बरा, राहणी साधी आणि शौक एकच, जुन्या गाड्यांचा. पैसे साठवून त्याने १९८६ ची पोर्शे ९४४ घेतली. पोर्शेसाठी या गाड्या नेकार्सुल्मच्या आउडी कारखान्यात बांधल्या जात. स्टुटगार्टहून ते गाव फार लांब नाही, म्हणजे गाडी जवळपास माहेरीच राहिली होती. तीस वर्षं ओलांडल्यामुळे तिला ऐतिहासिक वाहनांची ‘एच’ नंबरप्लेटही मिळाली होती. विकणाऱ्याने बिलांची जाडजूड फाइल सोबत दिली. सगळ्यात वरचं बिल ताजं होतं : इंजिनाचे दोन्ही पट्टे नवे.

पहिल्याच रविवारी त्याने गाडी हायवेला काढली. ताशी ११० च्या आसपास ती थरथरू लागली. स्टिअरिंग, गिअरचा दांडा, बूड टेकलेली सीट, काही म्हणून सुटलं नाही.

तरुण अभ्यासू होता. वाचायला बसला. ९४४ ची रचनाच वेगळी. वजनाचा तोल साधावा म्हणून इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, चाकांपाशी. दोघांना जोडणारी एक लांब नळी, तिला टॉर्क ट्यूब म्हणतात. नळीच्या आत बेअरिंगांवर फिरणारा पोलादी दांडा. वर्षं उलटली की ही बेअरिंग कुरकुरू लागतात, याबद्दल ती ट्यूब पुरती बदनाम. ज्याला विचारावं तो म्हणे, “ट्यूबच गेली असणार.” ती काढायची तर आधी एक्झॉस्ट उतरवा, मग गिअरबॉक्स उतरवा. मजुरीचा अंदाज ऐकून त्याच्या पोटात गोळा आला, पण मनाने निकाल दिला होता.

शहराबाहेर एक म्हातारा मेकॅनिक होता. त्याला सगळे ‘माइस्टर’ म्हणत. जर्मनीत आपल्या कामाची वरची परीक्षा पास झालेल्या कारागिराला मिळणारी ही पदवी. तरुण त्याच्याकडे गेला.

“टॉर्क ट्यूब बदलायची आहे. ट्यूब मी मागवतो, तुम्ही फक्त बसवून द्या.”

“औषध तुम्ही ठरवूनच आलात,” माइस्टर म्हणाला. “मी नुसतं पाजायचं का? बरं, थरथर कशाबरोबर वाढते?”

“वेगाबरोबर.”

“कोणाच्या? गाडीच्या की इंजिनाच्या?”

तरुण गप्प झाला. पाचव्या गिअरमध्ये गाडी ११० ला पोचते तेव्हा इंजिनाच्या मिनिटाला सुमारे ३००० फेऱ्या होतात. दोन्ही काटे जोडीनेच वर चढत होते, त्यामुळे हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

माइस्टरने गाडी जागीच उभी ठेवली, न्यूट्रलमध्ये घेतली आणि हळूहळू अॅक्सिलरेटर दाबला. काटा ३००० च्या पुढे गेला तसा गिअरचा दांडा झिणझिणू लागला. चाकं तर जागची हललीही नव्हती.

“बघा, ट्यूबच!” तरुण म्हणाला. “इतर गाड्यांत गिअरबॉक्स पुढे असतो, म्हणून मागे जाणारा दांडा चाकांच्या चालीने फिरतो. आपल्या गाडीत गिअरबॉक्स मागे आहे. क्लच सोडलेला असला की ट्यूबमधला दांडा इंजिनाबरोबरच फिरतो, न्यूट्रलमध्येसुद्धा.”

“वाचन चांगलं आहे तुमचं,” माइस्टर म्हणाला. “आता क्लच दाबा.”

या गाडीत क्लच पुढे, इंजिनाला लागून. तो दाबला की ट्यूबमधल्या दांड्याचा इंजिनाशी संबंध सुटतो आणि दांडा थांबतो. तरुणाने पेडल पार खाली दाबलं, काटा पुन्हा ३००० च्या पुढे नेला. झिणझिण होती तशीच. तसूभरही कमी नाही.

“थांबलेला दांडा थरथरवेल कसा?” माइस्टरने विचारलं.

तरुणापाशी उत्तर नव्हतं. ज्या ट्यूबवर तो पगार उधळायला निघाला होता, ती गुन्ह्याच्या वेळी जागेवरच नव्हती.

मग दोघे रस्त्यावर गेले. ११० ला पाचवा गिअर, मग त्याच वेगाला चौथा. चौथ्यात इंजिनाच्या फेऱ्या पावणेचार हजारांच्या घरात गेल्या आणि झिणझिण तीव्र झाली. पण सीटखाली एक दुसरी, संथ, जड थरथर होती. ती गिअर बदलूनही बदलली नाही. शेवटी माइस्टरने गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन तशीच धावू दिली. इंजिनाचा काटा खाली पडला, झिणझिण नाहीशी झाली. जड थरथर मात्र ११० ला होती तशी राहिली आणि वेग उतरला तेव्हाच उतरली.

“चोर दोन आहेत,” माइस्टर म्हणाला. “एक इंजिनाबरोबर चालतो, एक चाकांबरोबर. पाचव्या गिअरमध्ये दोघे एकाच वेळी घरात शिरतात, म्हणून तुम्हाला एकच वाटला.”

“मग दोन्ही आजच करून टाकू.”

“नको. दोन्ही एकदम केलं आणि थोडी थरथर उरली, तर उरलेली कोणाची हे कसं कळणार? आधी इंजिन. मग चालवून बघू. मग चाकं.”

माइस्टरने बॉनेट उघडलं, इंजिनाचे माउंट तपासले. ते ठीक होते. मग त्याने पुढचं पट्ट्यांचं कव्हर काढायला घेतलं. तरुणाने घाईघाईने फाइल पुढे केली.

“पट्टे नवे आहेत. हे बिल.”

“बिलावर पट्टा नवा असल्याचं लिहिलंय,” माइस्टर म्हणाला. “बरोबर बसवल्याचं कुठे लिहिलंय?”

९४४ च्या इंजिनाला चारच सिलिंडर, पण आकार अडीच लिटर. चार सिलिंडरचं एवढं मोठं इंजिन प्रत्येक फेरीत दोनदा हादरतं, हा त्याचा जन्मजात स्वभाव. तो मोडण्यासाठी इंजिनाच्या दोन्ही अंगांना एकेक तोलदांडा बसवलेला असतो. ही मांडणी मित्सुबिशीच्या पेटंटची. पोर्शेने परवाना घेऊन ती वापरली. दोन्ही दांडे एकमेकांच्या उलट दिशेने, इंजिनाच्या दुप्पट गतीने फिरतात. इंजिनाच्या ३००० फेऱ्या होतात तेव्हा त्यांच्या ६०००. इंजिन वर उसळतं त्या क्षणी ते खाली ओढतात आणि हादरा जिरतो. पण ही जुळणी क्षणाची. दांड्यांना फिरवणारा पट्टा दातेरी असतो. खुणा जुळवून तो चढवावा लागतो. एक दात इकडेतिकडे झाला की तेच दांडे भलत्या वेळी ओढू लागतात.

माइस्टरने बॅटरीचा झोत खुणांवर टाकला. एका दांड्याची खूण बरोबर एक दात पुढे होती. पट्टा नवा कोरा होता, उत्तम दर्जाचा होता आणि चुकीचा बसला होता.

त्याने पट्टा सैल केला, खूण जुळवली, ताण बघून कव्हर लावलं. या कामात एकही नवा भाग लागला नाही. दोघे पुन्हा रस्त्यावर गेले. झिणझिण गेली होती. ११० ला जड थरथर तेवढी आली, आता एकटीच आणि म्हणून स्पष्ट.

“टायरही चांगले आहेत,” तरुण म्हणाला आणि लगेच स्वतःच थबकला. “म्हणजे, नक्षी खोल आहे.”

माइस्टर हसला. त्याने टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे दाखवले : २३०९. दोन हजार नऊ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी राहिली, त्यामुळे नक्षी झिजली नाही. पण रबर कडक झालं आणि एकाच जागी भार पडून टायरचा गोलपणा बिघडला. नवे टायर बसवले, चाकांचं बॅलन्सिंग केलं आणि गाडी ११० च काय, १५० लाही शांत धावली.

पैसे देताना तरुण म्हणाला, “म्हणजे ट्यूब उत्तम आहे तर.”

“तसं मी म्हटलं नाही,” माइस्टर म्हणाला. “तिचंही वय झालंय, उद्या तीही कुरकुरेल. या थरथरीत तिचा हात नव्हता, एवढंच आज सिद्ध झालं.”

तात्पर्य : चोर सोडून संन्याशाला फाशी होते ती राजा दुष्ट असतो म्हणूनच असं नाही. बहुतेक वेळा तो घाईत असतो आणि संन्याशाची गावात आधीच चर्चा असते. जुनं आणि बदनाम ते दोषी, नवं आणि बिल असलेलं ते निर्दोष, हा न्याय सोपा पडतो, कारण त्यात तपास करावा लागत नाही. घरात, कचेरीत, गाडीत काही बिनसलं की कोणावर संशय घ्यावा हे विचारण्याआधी, बिघाड कशाबरोबर वाढतो आणि काय थांबवलं तरी थांबत नाही, हे बघावं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आणि ज्याच्यावरचा एक आळ खोटा ठरला, त्याला ना फाशी द्यावी, ना देव्हाऱ्यात बसवावं.