दुसऱ्या मजल्यावरचं धोरण

साताऱ्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही सरसकट ‘मेजर’ म्हणतात. हा मेजर खरं तर हवालदार. सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये नवा पाय मिळाला. खडकीची क्वीन मेरीज संस्था 1917 पासून जायबंदी जवानांना हुन्नर शिकवते, तिथं एक कोर्स केला. पुढे मेहुण्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर हात बसला आणि एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेऊन त्यानं स्वतःचं काम सुरू केलं.

समोरच्या मोठ्या कंपनीनं 15 ऑगस्टला त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो. दोन दिवसांनी मेजर कोटेशन घेऊन त्याच कंपनीत गेला. खरेदी विभाग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कठड्याला धरून वर पोचेपर्यंत पायाचा खुंट सोलवटला. वर उत्तर मिळालं, “पुढच्या आठवड्यात या.” असे कितीतरी आठवडे गेले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं खासगी कंपनीलाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. या कंपनीनंही केलं होतं. छान फ्रेम करून, दुसऱ्या मजल्यावरच लावलं होतं.

खरेदी विभागात नवीन बाई आल्या. जिन्यात अर्ध्यावर टेकलेला मेजर त्यांनी पाहिला. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या सोमवारी पुरवठादारांचं टेबल खाली, गेटजवळच्या खोलीत आलं. मेजरपेक्षा जास्त खूश झाले ते गुडघेदुखीवाले म्हातारे पुरवठादार.

मेजरला 500 पितळी बुशांची ऑर्डर मिळाली. त्यातले 40 मापात बसले नाहीत म्हणून परत आले. मेहुणा चिडला, “फौजी माणसाला जरा सांभाळून घ्यायला काय होतं?” मेजर मात्र रिजेक्शनची चिठ्ठी दोनदा वाचून म्हणाला, “आता कुठं धंदा सुरू झाला म्हणायचा.” रात्री बसून त्यानं 40 नग नव्यानं काढून दिले.

काम वाढलं. एक दिवस व्हीलचेअरवरचा एक पोरगा गाळ्याच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबला. आयटीआय झालेला, तपासणीचं काम येतं म्हणाला. मेजरनं उंबऱ्याकडे पाहिलं, आतल्या उंच टेबलाकडे पाहिलं. “इथं उभ्याचं काम आहे बाबा. पुढच्या आठवड्यात ये बघू.”

मागून मेजरची बायको म्हणाली, “कुणाचं वाक्य हो हे? ओळखीचं वाटतंय.”

मेजर गप्प झाला. मग गवंड्याला फोन लावला. उंबरा फोडून उतार घालायला एक दिवस लागला. टेबलाचे पाय कापायला अर्धा तास. एवढ्याशा कामासाठी माणसं किती वर्षं दारात थांबवली जातात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

पोरगा कामावर आला. पहिल्याच आठवड्यात त्यानं खुद्द मेजरनं काढलेले सहा बुश गेज लावून बाजूला ठेवले. “मेजर, हे नापास.”

“नीट बघ. मी काढलेत.”

“म्हणूनच दोनदा बघितले.”

मेजरनं सहाही नग भंगारात टाकले आणि बायकोला हाक मारली, “याला पगारी रजिस्टरवर घ्या, कायमचा.”