मुद्दाम

तुरी निघाल्या, पऱ्हाट्या उपटून झाल्या, की आमच्या नेरकडे दोन गोष्टींचा हंगाम लागतो. एक लग्नांचा, दुसरा टेनिस बॉलच्या सामन्यांचा. दोन्हीकडे मंडप तोच, भोंगा तोच आणि भांडणंही साधारण तीच. यंदा एका उपान्त्य सामन्यात गुणलेखक म्हणून मला बसवलं. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली विटेचा तुकडा.

फलंदाज 23 वर होता. एकाच गोलंदाजाला त्याने लागोपाठ दोन षटकार हाणले होते. दुसरा चेंडू शोधायला पोरं पलीकडच्या वावरातल्या हरभऱ्यात शिरली आणि मालकाच्या शिव्या खाऊन परतली. त्यानंतरचा चेंडू टप्पा न पडता थेट कानशिलावर आला. टेनिस बॉल म्हणून हसू नका. या सामन्यांतला चेंडू जड असतो. पोरगं मटकन खाली बसलं. कुणीतरी रसवंतीवरून बर्फाचा खडा रुमालात बांधून आणला. उसाच्या रसाने चिकट झालेला तो रुमाल कानाला लावून पोरगं बाहेर गेलं आणि मैदानाचं कोर्ट झालं.

“पायलं ना भाऊ, मुद्दाम हाणला त्यानं!”

“अबे, घामानं सुटला हातातून. मुद्दाम कोणी मारते काय?”

“मंग जवळ काऊन नाही गेला?”

गोलंदाज फलंदाजाजवळ गेला नव्हता, हे खरं. तो कमरेवर हात ठेवून जागच्या जागी उभा होता. एका बाजूला हाच गुन्ह्याचा सगळ्यात मोठा पुरावा, दुसऱ्या बाजूला तोच निर्दोषपणाचा. बिचारा घाबरून थिजला म्हणे. दोन षटकार बसले होते म्हणून त्याला राग होता, हे एकाचं म्हणणं. दोन षटकार बसले होते म्हणून तो यॉर्करच्या नादात चुकला, हे दुसऱ्याचं. रात्री चहाच्या टपरीवर वाद पुन्हा पेटला. त्यात सगळ्यात मोठ्याने ‘मुद्दाम’ म्हणणारा गृहस्थ मी चांगला ओळखतो. मागच्या वर्षी त्याच्या पुतण्याच्या चेंडूने एकाचं नाक फुटलं, तेव्हा “चेंडू हाय, लागतेच” असं त्यानेच मला समजावलं होतं. आपला तो बाब्या, ही म्हण क्रिकेटसाठी बनलेली नसली तरी शोभते क्रिकेटलाच.

मी वहीत नोबॉलचं वर्तुळ काढलं आणि फलंदाजाच्या नावापुढे ‘रि. ह.’, म्हणजे रिटायर्ड हर्ट, लिहिलं. मुद्दाम की चुकून, याला वहीत रकाना नसतो. क्रिकेटच्या नियमांतही जवळपास नाहीच. कमरेच्या वर, टप्पा न पडता आलेला चेंडू नोबॉल. पुढे पंचाने मुख्यतः तो धोकादायक होता का, हे पाहायचं. आखूड टप्प्याच्या चेंडूचंही तसंच. वेग, उंची, दिशा आणि समोरच्या फलंदाजाचा वकूब बघायचा. त्याने हेल्मेट घातलंय, हे मात्र विचारात घ्यायचं नाही. गोलंदाजाच्या मनात काय होतं, हा प्रश्न नियम सहसा विचारत नाही.

बेसबॉल हा प्रश्न विचारतो. तिथे चेंडू अंगावर लागला की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. पण गोलंदाजाने मुद्दाम मारलं असं पंचाला वाटलं, तर तो त्याला मैदानाबाहेर काढू शकतो किंवा दोन्ही संघांना ताकीद देऊ शकतो. म्हणजे पंचाने माणसाच्या मनात डोकवायचं, तेही काही सेकंदांत. अमेरिकेतले प्रेक्षक शंभरावर वर्षं यावर भांडताहेत, त्यात नवल नाही. 16 ऑगस्ट 1920 ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर कार्ल मेजचा चेंडू क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या डोक्यात बसला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. आवाज असा झाला, की मेजला चेंडू बॅटला लागला असं वाटलं; त्याने तो उचलून पहिल्या बेसकडे फेकलासुद्धा. मुद्दाम मारणारा असं करील का? पण मेजची ख्याती आधीपासूनच अंगावर चेंडू टाकणारा अशी होती. चेंडू मळका होता आणि मेज हात जमिनीजवळून आणून फेकत असे, त्यामुळे चॅपमनला तो दिसलाच नसावा असंही म्हणतात. मेज जन्मभर ‘मुद्दाम नाही’ म्हणत राहिला. कारकिर्दीत 207 सामने जिंकूनही त्या खेळाच्या मानाच्या यादीत त्याचं नाव गेलं नाही.

आपल्याकडे नरी कॉन्ट्रॅक्टर. मार्च 1962, बार्बाडोस, चार्ली ग्रिफिथ. भारताच्या कर्णधाराची कवटी फुटली. वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल रक्त द्यायला धावला. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उमरीगर यांनीही दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्याच सामन्यात ग्रिफिथचा चेंडू फेकी ठरवून नोबॉल दिला गेला होता, त्यामुळे आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या घरांत निकाल केव्हाच लागला होता. कॉन्ट्रॅक्टर मात्र वेगळंच सांगत आले. ग्रिफिथला त्यांनी दोष दिला नाही. चेंडू येत असताना समोरच्या पॅव्हेलियनमध्ये कुणीतरी खिडकी उघडली आणि क्षणभर लक्ष उडालं, असं त्यांचं म्हणणं. ज्याच्या डोक्यात चेंडू बसला तो खिडकीबद्दल बोलतोय आणि ज्यांनी तो चेंडू पाहिलाही नाही ते ग्रिफिथच्या मनाबद्दल! त्या कुणातरी माणसाला बहुधा वारा हवा असेल.

पण सगळीकडे खिडकी सापडत नाही. एप्रिल 1976 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला भारताने चौथ्या डावात 406 धावा करून सामना जिंकला. वेस्ट इंडीजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड चिडला. त्याच महिन्यात जमैकातल्या किंग्स्टनला पुढची कसोटी झाली, ती त्याने वेगवान गोलंदाजांच्या हवाली केली. सुनील गावस्कर आणि अंशुमन गायकवाड यांनी 136 ची सलामी दिली आणि मग चेंडू अंगावर येऊ लागले. आखूड टप्प्याचे, बीमर, राउंड द विकेट. हेल्मेट नव्हतंच. बडोद्याच्या दत्ताजीराव गायकवाडांचा हा मुलगा 81 पर्यंत टिकून राहिला आणि शेवटी त्या गोलंदाजांपैकी होल्डिंगचा चेंडू कानावर बसून बाहेर गेला. ब्रिजेश पटेलच्या तोंडाला टाके पडले, विश्वनाथचं बोट मोडलं. बिशनसिंग बेदीने डाव 6 बाद 306 वर सोडला. दुसऱ्या डावात पाच गडी बाद झाल्यावर 97 वर फलंदाजीला माणसंच उरली नव्हती. गावस्करने ‘सनी डेज’मध्ये त्या प्रकरणाला थेट रानटीपणा म्हटलं. प्रेक्षकांबद्दलही त्याने लिहिलंय, ते पुन्हा वाचवत नाही.

आता लॉइडला कुणाचा कान फोडायचा होता का? मला नाही वाटत. घाबरवायचं होतं. वेगवान गोलंदाजांचं हे नेहमीचं उत्तर असतं, भीती घालायची होती, इजा करायची नव्हती. हे उत्तर ऐकलं की मला आपल्या भागातल्या तारा आठवतात. रानडुकरं पीक लोळवतात म्हणून शेतकरी कुंपणाच्या तारेत करंट सोडतो. रात्री पाण्याच्या पाळीवर निघालेला शेजारी त्या तारेला चिकटतो. शेतकरी ऊर बडवून सांगतो, मी माणसासाठी नव्हता सोडला. खरंच सांगत असतो. पण कायदा फक्त हेतू विचारून थांबत नाही. असं घडू शकतं याची जाणीव तुला होती का, हेही विचारतो. त्या रस्त्याने माणसं जातात हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं?

हा वाद तसा फार जुना आहे. मज्झिम निकायातल्या उपालि सुत्तात निगंठांचा, म्हणजे जैनांचा, शिष्य म्हणतो की शरीराने केलेलं कृत्य सगळ्यात गंभीर; बुद्ध म्हणतात, मनाने केलेलं. गंमत म्हणून बोलायचं तर बेसबॉलचा नियम बुद्धाच्या बाजूचा आणि क्रिकेटचा निगंठांच्या. पण पुढे जैनांच्याच तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत एक कल्पना येते, प्रमाद. बेफिकिरी. धम्मपदातही अप्रमादावर आख्खा एक वर्ग आहे. मुद्दाम आणि चुकून यांच्यामध्ये एवढी मोठी पडीक जमीन आहे, हे दोघांनाही दिसलं होतं. टपरीवर मात्र ती कुणालाच नको असते. तिथे एक तर दोषी लागतो, नाहीतर देवमाणूस.

हे सगळं मी एवढ्या आत्मविश्वासाने लिहितोय, याचं कारण त्या जमिनीवर मी उभा राहिलोय. दहावीत असताना, शाळेमागच्या मैदानावर, लाल लेदर बॉल होता, वर्गणी काढून आणलेला. माझ्या वर्गातला एक मित्र फलंदाजी करत होता. त्याने सगळ्यांसमोर माझ्या गोलंदाजीची नक्कल केली, हात वाकडा करून. पुढच्या चेंडूला मी दोन पावलं जास्त मागून आलो. चेंडू आखूड पडला, उसळला आणि त्याचा समोरचा दात अर्धा गेला. मुख्याध्यापकांना मी सांगितलं, मुद्दाम नाही मारला सर. माझ्या वडिलांना तेच सांगितलं. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईलाही तेच. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “मुद्दाम नसन मारला बाबू तुनं. पण लागलं ना त्याले.” आणि मला बसायला पाट दिला.

तोंडावर मारायचं असं मी ठरवलं नव्हतं. इतकी वर्षं झाली, मी शपथेवर सांगू शकतो. पण ती जास्तीची दोन पावलं कशासाठी होती, हे मला सांगता येत नाही. कधीकधी वाटतं, फक्त वेगासाठी. कधीकधी वाटतं, त्याच्या डोळ्यांत भीती दिसावी म्हणून. फेकणाऱ्यालाच स्वतःच्या मनातलं एवढं धूसर दिसत असेल, तर पन्नास मीटरवरून, शेंगदाणे खात, दुसऱ्याच्या मनातलं स्पष्ट पाहणाऱ्यांचा मला हेवा वाटतो.

परवाच्या त्या गोलंदाजाला मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो ‘मुद्दाम नाही काका’ म्हणाला असता, आणि मला ते वाक्य फार ओळखीचं आहे. फलंदाजाच्या संघाने सामना जिंकला. कानामागे टेंगूळ घेऊन तो पोरगा अंतिम सामन्यातही खेळला आणि शून्यावर बाद झाला.

माझा तो मित्र आता गावात कृषी केंद्र चालवतो. दाताला टोपी बसवलीय. तो मोकळा हसला की बाजूच्या दातांपेक्षा ती किंचित पांढरी दिसते, आणि माझी नजर दर वेळी तिथेच जाते. गेल्या आठवड्यात बियाण्याची चौकशी करायला गेलो, तर तो गोदामात होता आणि त्याची मुलगी गल्ल्यावर बसली होती, बारावीतली. गप्पा मारता मारता म्हणाली, “काका, तुम्ही बाबांच्या वर्गात होते ना? ते बैलगाडीवरून पडले आणि दात तुटला, तेव्हा तुम्ही होते का तिथं?”

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आतून पोती सरकवल्याचा आवाज येत होता.

मी म्हटलं, “हो. गाडी मीच हाकत होतो.”