जन्मस्थानाचा वारसा

ज्या भूमीवर आपण कधी राहिलो नाही, जिच्यासाठी कधी श्रमलो नाही, तिच्यावर केवळ आईबाप तेथे जन्मले म्हणून हक्क सांगणे न्याय्य आहे काय? वरवर पाहता हा प्रश्न कायद्याचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे.

लखनौच्या चारबागेत राहणाऱ्यास तो परका वाटू नये. येथील भव्य स्थानकाची कोनशिला १९१४ साली बसली. रेल्वेच्या इतर मोठ्या ठाण्यांप्रमाणे येथेही रेल्वेच्या चाकरीत अँग्लो-इंडियन कुटुंबे होती आणि स्वातंत्र्यानंतर त्यांपैकी पुष्कळजण देश सोडून गेले. अशा दोन शेजाऱ्यांची कल्पना करावी. दोघेही ड्रायव्हरचे मुलगे, दोघांचा जन्म चारबागेतला, शाळा एकच, बोली एकच. एकाचा बाप लिव्हरपूलला जन्मलेला. दुसऱ्याचा पणजा तेथून आलेला. १ जानेवारी १९७३ रोजी अमलात आलेल्या ब्रिटिश कायद्याने, ज्याची आई वा बाप ब्रिटनमध्ये जन्मून तेथील नागरिक होता, अशा राष्ट्रकुलातील नागरिकाला त्या देशात राहण्याचा हक्क दिला. पहिला शेजारी हक्काने जाऊ शकला. दुसऱ्याला परवानगी मागत उभे राहावे लागले. पहिल्याने असे कोणते पुण्य केले होते, की जे दुसऱ्याला साधले नाही?

येथे कायद्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. माणसाची ओढ मोजता येत नाही. जन्माचा दाखला मात्र पाहता येतो. शिवाय हे माप नेहमी दार बंद करण्यासाठीच वापरले गेले असेही नाही. फाळणीनंतर पाकिस्तानातून आलेल्यांचे नागरिकत्व ठरवताना आपल्या राज्यघटनेने सहाव्या अनुच्छेदात हेच माप घेतले. तो स्वतः, त्याचे आईबाप किंवा आजीआजोबा यांपैकी कोणीही अविभाजित भारतात जन्मलेले असले, की पहिली अट पुरी होई. घरदार आणि शेतीवाडी गमावलेल्या माणसाकडे गमावता न येण्याजोगी एवढी एकच गोष्ट उरली होती. घटनेने तिचा मान राखला.

परंतु तेच माप १९६८ साली ब्रिटनने उलट्या हाताने वापरले. केनियातील हजारो भारतीय वंशाच्या लोकांजवळ ब्रिटिश पारपत्रे होती. ते येऊ लागताच नवा कायदा झाला: ज्याचा स्वतःचा जन्म तेथला नाही आणि ज्याच्या आईबापांचा वा आजीआजोबांचाही तेथे काही संबंध नाही, त्याला पारपत्र असूनही मुक्त प्रवेश नाही. दिलेला शब्द आजोबांचे जन्मगाव विचारून मागे घेतला गेला. माप तेच, पण एकदा त्याने निराधाराला आधार दिला, आणि एकदा हक्कदाराला उंबऱ्यावर अडवले.

या मापात आणखी एक व्यंग होते. आपण मातृभूमी म्हणतो, पण कायदा दीर्घकाळ पित्यालाच विचारत आला. १९४८ च्या ब्रिटिश कायद्यात नागरिकत्वाचा वारसा बापाकडूनच येई. आपल्या १९५५ च्या कायद्यातही परदेशी जन्मलेल्या अपत्याला आईकडून भारतीय नागरिकत्व मिळण्यास १९९२ ची दुरुस्ती यावी लागली. आईच्या जन्मभूमीला दीर्घकाळ काव्यात स्थान होते, दप्तरात नव्हते.

मराठी माणसाला हा प्रश्न अधिक जवळून भेटतो तो गोव्यात. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पण त्या दिवसापूर्वी तेथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगालचा कायदा अद्याप आपले नागरिकत्व मिळवू देतो. अनेक तरुणांनी त्या आधारे युरोपची वाट धरली. ती धरताना भारतीय नागरिकत्व सोडावे लागते, कारण आपला कायदा दोन्ही एकत्र मानीत नाही. ज्या सत्तेविरुद्ध सत्याग्रह झाले, तिचेच पारपत्र घ्यावे, हा द्रोह नव्हे काय, असे काहीजण विचारतात.

मला तो द्रोह वाटत नाही. वडिलांचे घर आपण कमावलेले नसते, तरी त्यात राहणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही. पोटासाठी कायद्याने उघडलेल्या दारातून जाणे हा अपराध नव्हे. मात्र वारसा म्हणजे योग्यता नव्हे, याचे भान सुटता कामा नये. आजोबांच्या दाखल्यावर आत आलेल्याने, तसा दाखला नसलेल्या परंतु तेथे वीस वर्षे घाम गाळलेल्या माणसाला उपरा म्हटले, तर तेथे अपराध सुरू होतो. राज्यांनाही हेच लागू आहे. आईबापांचे जन्मस्थान हे दाराची एक किल्ली असावे. एकुलती एक किल्ली असू नये. माणसाने स्वतः काय केले, याचीही कोठे नोंद हवी.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांना हे समजावणे अवघड जाऊ नये. पंडित विष्णु नारायण भातखंडे मुंबईत जन्मले. लखनौत त्यांचे ना जन्मस्थान होते, ना वाडवडिलांचे घर. तरी १९२६ साली येथे निघालेले संगीत महाविद्यालय त्यांच्याच प्रयत्नांचे फळ, आणि आज त्याच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. लखनौने त्यांच्याकडे जन्माचा दाखला मागितला नाही. त्यांचे काम पाहिले. जन्मावरून हक्क ठरवणाऱ्या प्रत्येक कायद्यात या दुसऱ्या नात्यालाही जागा असली पाहिजे.