न मागितलेली साक्ष

बार्शीच्या बाजारपेठेत एक डाळीचा व्यापारी होता. माल चोख, माप पुरे. गावात त्याला सगळे ओळखत, गावाबाहेर मात्र कोणी विचारत नव्हते. म्हणून त्याने दुकानाची वेबसाइट काढली. तूरडाळ, हरभराडाळ, मालदांडी ज्वारी, सगळ्यांचे फोटो आणि भाव टाकले. वर्ष सरले, पण साइटवर कोणी फिरकले नाही.

त्याचे म्हातारे वडील पूर्वी बार्शी लाईट रेल्वेत पॉइंट्समन होते. दुपारी ते नातीला गोष्टी सांगत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1897 साली ही लाईन सुरू केली. दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. कुर्डुवाडीला मोठी लाईन भेटे, ती साडेपाच फुटांची. छोटा डबा तिच्यावर चढणार कसा? मग हमाल धान्याची पोती पाठीवर घेऊन या डब्यातून त्या डब्यात टाकत. डबे समोरासमोर कसे लावत, फळी कुठे टाकत, पाऊस आला तर आधी काय झाकत, म्हाताऱ्याला सगळे पाठ होते. आषाढीला माणसे मालडब्यांतून पंढरपूरला कशी जात, तेही तो सांगे.

नातीने हे सारे लिहून काढले. मराठीत, खाली इंग्रजीत, सोबत हाताने काढलेला नकाशा. ते तिने दुकानाच्या साइटवर घातले.

व्यापारी म्हणाला, “अगं, डाळीच्या दुकानात रेल्वे कशाला?”

“राहू द्या ना, बाबा. आजोबांना बरं वाटतंय.”

ते पान राहिले.

पुढे एक माणूस दुकानात आला. म्हणाला, “शेठ, गूगलवर वर यायचं तर दुसऱ्यांच्या साइटवरून तुमच्याकडे लिंका पाहिजेत. बॅकलिंक म्हणतात त्याला. पाचशे लावून देतो.” व्यापाऱ्याने पैसे मोजले. लिंका लागल्या, पण साइट होती तिथेच राहिली.

एका संध्याकाळी मुलीने गूगल सर्च कन्सोल उघडून लिंकांची यादी काढली. विकत घेतलेल्या लिंका जुगाराच्या, बुटांच्या, कसल्यातरी गोळ्यांच्या साइटवरून आल्या होत्या. पण बाकीच्या बऱ्याच लिंका एकाच पानाकडे वळत होत्या. ते तूरडाळीचे नव्हते, रेल्वेचे होते.

त्यातली पहिली लिंक इंग्लंडमधल्या छोट्या रेल्वेंच्या अभ्यासकांची होती. कॅलथ्रॉपने बार्शीनंतर तिकडे लीक अँड मॅनिफोल्ड ही तशीच अडीच फुटी लाईन उभारली होती, ती 1904 साली सुरू झाली. त्या लाईनची माहिती जमवताना त्यांना हे पान सापडले होते. कुर्डुवाडीला माल कसा बदलत हे समजून घ्यायचे तर इथे वाचा, एवढेच त्यांनी लिहिले होते. त्यांचे पाहून इतरांनीही लिंक दिली होती.

“पाचशेंनी झालं नाही ते एवढ्यानं कसं होईल?” व्यापाऱ्याने विचारले.

“गूगल नुसत्या लिंका मोजत नाही, बाबा. देणारा कोण, त्याचा या विषयाशी संबंध काय, हेही बघतं. विकतच्या लिंका तर त्यांच्या नियमातच बसत नाहीत.”

हळूहळू बार्शी लाईट शोधणाऱ्याला ते पान वर दिसू लागले. वाचणाऱ्यांतले काहीजण दुकानाच्या पानावर वळू लागले. पुण्या-मुंबईत राहणारी बार्शीची माणसे फोन करून ज्वारी मागवू लागली. धंदा काही दुप्पट झाला नाही, पण गावाबाहेर दुकानाचे नाव झाले.

व्यापाऱ्याने लिंका विकत घेणे बंद केले आणि स्वतः लिहायला बसला. तुरीला तेल-पाण्याचा हात कसा द्यायचा, ऊन किती दाखवायचे, डाळ भरडताना तुटते कशाने, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते?

साक्ष विकत मिळते, पण तिला वजन नसते. वजन येते ते ज्याचे आपल्याशी काही देणेघेणे नाही त्याने आपणहून सांगितल्यावर. आणि तो सांगतो ते आपले काहीतरी त्याच्या उपयोगी पडले म्हणून. ते कोणाच्या आणि कधी उपयोगी पडेल, हे आधी कळत नाही. आपल्याला जे नीट ठाऊक आहे ते नीट मांडून ठेवावे, एवढेच आपल्या हातात असते.