देवाची परीक्षा

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कोणीतरी मला म्हणतंच, 'आज उपवास ना तुझा? मग साबुदाण्याची खिचडी घे की!' मी वसईचा, मराठी बोलणारा ख्रिस्ती. आमच्या उपवासात साबुदाण्याला काही खास मान नाही, हे समजावणं मी आता सोडून दिलंय. खिचडी आवडते, घेतो.

आमचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून त्यांची राख कपाळाला लावतात. तिथून ईस्टरपर्यंत, मधले रविवार सोडून, ४० दिवस. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस कडक उपवासाचे. शुक्रवारी मांस नाही. शिवाय प्रत्येक जण आपापल्या मनाने काहीतरी सोडतो. कोणी दारू, कोणी गोड, हल्ली कोणी इन्स्टाग्राम.

२०२५ साली मी ऑप्शन ट्रेडिंग सोडलं.

तोवर माझे पावणेतीन लाख गेले होते. त्यातले दीड लाख गावच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला बाजूला ठेवलेले होते. वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोकांना तीन वर्षांत तोटा झाला, हा सेबीचा २०२४चा अहवाल मी वाचला होता. वाचून घाबरलो नाही. उरलेल्या सात टक्क्यांत आपण असू, असं धरून चाललो होतो. आकड्यांशी रोज खेळणाऱ्या इंजिनियरचा हा हिशोब.

५ मार्चला राख लावून घेतली आणि ठरवलं, आता ४० दिवस ॲप उघडायचं नाही. ६ मार्चला, गुरुवारी, ॲप उघडलं. एक्स्पायरीचा दिवस होता. मनात आलेला विचार 'एकदाच, मजा म्हणून' असा असता तर मी तो ओळखला असता. आलेला विचार फार सात्त्विक होता. एक शेवटचा ट्रेड. छपराचे पैसे परत आले की कायमचं बंद. देवालाही हेच हवं असणार, नाही का? मी चक्क प्रार्थना केली आणि निफ्टीचे पुट घेतले. सुरुवातीला बाजार थोडा पडला, मग चढायला लागला. स्टॉप लॉस जवळ आला, तेव्हा मी तो काढून टाकला. मनात शब्द होते, 'देव आहे ना.'

साडेतीनला बाजार बंद झाला, तेव्हा माझ्या पुटची किंमत शून्य होती. आणखी चाळीस हजार गेले. मला राग आला, तो स्वतःचा नव्हे, देवाचा.

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये बहुतेक वर्षी हीच गोष्ट वाचतात: अरण्यात ४० दिवस उपाशी राहिलेल्या येशूला सैतान तीन मोह दाखवतो. दगडाची भाकर कर, मला नमन करून जगातली राज्यं घे, आणि यरुशलेमच्या मंदिराच्या टोकावरून उडी मार. भुकेल्याला भाकरीचा मोह पडणं समजतं. सत्तेचाही समजतो. पण उडी? उंचावरून खाली पडण्यात कसला आलाय मोह? लहानपणापासून मला हा मोह उगाच तिसरा आकडा भरायला घातल्यासारखा वाटायचा. त्या वर्षी वाचन लूकच्या शुभवर्तमानातलं होतं. मत्तयच्या शुभवर्तमानात उडीचा मोह दुसरा आहे, लूकमध्ये तो शेवटचा. त्या रविवारी बाकावर बसून ऐकताना माझे कान गरम झाले. कारण इथे सैतान चक्क धर्मग्रंथाचा दाखला देतो. देवदूत तुला वरच्या वर झेलतील असं स्तोत्रात लिहिलंय ना, मग मार उडी. म्हणजे या मोहात आमिष आहे ते श्रद्धेचंच. संकट आपण तयार करायचं आणि वाचवायची जबाबदारी देवावर टाकायची. स्टॉप लॉस काढायचा आणि म्हणायचं, देव आहे ना.

येशूचं उत्तर छोटं आहे: देवाची परीक्षा पाहू नये. हे उत्तर जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातलं आहे आणि त्यात एका जुन्या प्रसंगाची आठवण आहे. वाळवंटात पाणी संपल्यावर इस्राएली लोक मोशेशी भांडले, देव आमच्यात आहे की नाही ते आत्ताच कळू दे म्हणाले. त्यांची तहान खरी होती. तहान लागणं हा गुन्हा नव्हे. तहानेचा पुरावा करून देवाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं, हे चुकलं.

कोडवर टेस्ट केल्याशिवाय भरवसा ठेवायचा नाही, हे माझ्या कामात बरोबरच आहे. टेस्ट केल्याने कोड बिघडत नाही. माणसांचं तसं नसतं. मैत्रीण खरंच आपली आहे का हे पाहायला तुम्ही तिचा फोन चोरून उघडलात, तर आत काहीही सापडलं नाही तरी काहीतरी मोडलेलं असतं. परीक्षा घेणारा भरवसा ठेवत नसतो. तो खात्री मागत असतो. आणि खात्री मिळाल्यावर भरवशाची गरजच उरत नाही.

मग देवाकडे काही मागायचंच नाही का? माझी आई बांद्र्याच्या माउंट मेरीला नवस बोलते. तिथे मेणाची घरं, मेणाचे हातपाय वाहतात. तीही परीक्षाच नाही का? मी यावर बराच विचार केला. मला वाटतं, फरक मागण्यात नाही, उत्तर कोणाच्या हातात ठेवतो यात आहे. अटक होण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही मागितलंच होतं, हे दुःख टळू दे म्हणून. पण तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असंही तो म्हणाला. मी गुरुवारी प्रार्थना केली, तेव्हा उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं. देवाने फक्त सही करायची बाकी होती.

एक गोष्ट मात्र गोड करून सांगता येत नाही. क्रुसावर येशूला लोक पुन्हा तेच म्हणतात, देवाचा पुत्र असशील तर खाली उतर. तो उतरत नाही आणि कोणी झेलतही नाही. पुनरुत्थान तिसऱ्या दिवशी आहे, पण शुक्रवारी ते कोणाला दिसत नव्हतं. म्हणजे देवावर भरवसा ठेवला की नुकसान होत नाही, असं ही गोष्ट सांगतच नाही. असं सांगणारा तर मंदिराच्या टोकावरचा तो दुसरा.

मग भरवशाचा उपयोग काय? मला सापडलेलं उत्तर लहान आहे. एका उडीत सगळं परत मिळवायची घाई त्याने सुटते. झालेला तोटा तोटा म्हणून मान्य करता येतो.

पुढच्या शुक्रवारी मी वसईला गेलो आणि आईला सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात ती वालाच्या शेंगा सोलत होती. आकडा ऐकून तिचे हात थांबले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, 'आणखी कोणाचं देणं आहे का?' मी नाही म्हटलं. 'मग या पावसाळ्यात ताडपत्री घालू,' ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

मी तिच्यासमोर ॲप काढून टाकलं. त्यानंतर दोनदा ते पुन्हा घ्यावंसं वाटलं. दोन्ही वेळा कारण फार सात्त्विक होतं.