यांजकडून

आपल्याकडे भांड्यावर नाव लिहीत नाहीत, ‘घालतात’. माणसांना नावं ठेवतात आणि भांड्यांवर नावं घालतात. कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात दहा मिनिटं थांबून ताटांचे काठ आणि डब्यांची झाकणं वाचली, तर त्या घराचा पन्नासेक वर्षांचा हिशेब लागतो. कोण कोणाच्या लग्नाला आलं होतं, कोणी स्टीलचा डबा दिला, कोणी पितळी पातेलं, कोणत्या तारखेला. ‘यांजकडून सप्रेम भेट’ हे शब्द तर इतक्या वेळा नजरेखालून जातात की ते आपल्याला दिसेनासे होतात.

मला ते पुन्हा दिसायला लागले, कारण गेल्या वर्षी मी धातूवर हाताने कोरायला शिकले. पुण्यात चार शनिवार-रविवारची कार्यशाळा होती. आम्ही सात जण होतो. त्यात दोन दागिने डिझाइन करणाऱ्या मुली, एक निवृत्त फिटर आणि बाकीचे माझ्यासारखे, म्हणजे दिवसभर स्क्रीनकडे बघून बोटांना काहीतरी खरं लागावं म्हणून आलेले.

हे काम काय असतं ते थोडं सांगते. हातात ग्रेव्हर असतो. पोलादाची बारीक कांडी, पुढे तिरकी घासलेली टोकदार धार, मागे तळहातात बसेल अशी लाकडी मूठ. शिकवणारे काका त्याला नुसतं ‘कलम’ म्हणायचे. पण कलम ओढतात आणि हे ढकलायचं असतं. जोर मनगटातून द्यायचा नाही, तळहातातून द्यायचा. अंगठा पत्र्यावर टेकलेला ठेवायचा, तो ब्रेक. आणि वळण आलं की कलम वळवायचं नाही, दुसऱ्या हाताने पत्रा फिरवायचा. हे शेवटचं मेंदूला पटायला दोन दिवस जातात. कोन जास्त उभा झाला तर टोक धातूत रुततं आणि तुटतं. फार आडवा झाला तर ते निसटतं आणि पत्र्यावरून सरळ पलीकडे जातं. म्हणून पहिला नियम: दुसरा हात कधीही टोकाच्या समोर ठेवायचा नाही. धार आहे का हे बघायला टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवायचं. घसरलं तर बोथट, अडकलं तर चालेल. आमचा पहिला अख्खा दिवस यात आणि समांतर रेघा मारण्यात गेला. पितळ त्यातल्या त्यात बरं, त्यातून स्वच्छ कीस निघतो. तांबं मऊ आणि चिकट, ते कलमाला धरून ठेवतं.

तिसऱ्या आठवड्यात अक्षरं आली. पत्र्यावर पांढऱ्या पोस्टर कलरचा पातळ हात द्यायचा, वर पेन्सिलीने अक्षर काढायचं, सुईने गिरवायचं आणि मग कापायला घ्यायचं. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, म्हणजे अक्षरांमधलं अंतर आधी नीट बसवता येतं. मला एका ‘ळ’ला चाळीस मिनिटं लागली. भांड्यांच्या दुकानातला माणूस विजेच्या पेनाने र्रर्र करत अख्खं नाव एका मिनिटात घालतो. लेझर मशीन त्याहून कमी वेळात घालतं, आणि मशीनचं अक्षर माझ्यापेक्षा सुबक असतं, याबद्दल वाद नको. पण एका अक्षराला चाळीस मिनिटं लागली की माणूस शब्द मोजायला लागतो. ‘यांजकडून सप्रेम भेट’ यात किती अक्षरं आहेत, आणि ती तिथे का हवीत?

शेवटच्या रविवारी प्रत्येकाने एक नाव कोरून न्यायचं होतं. फिटर काकांनी नातवाचं घेतलं. मी अडले. अडले ती नावावर नाही, त्याच्यामागच्या प्रश्नावर. वस्तू दिली की ती देणाऱ्याची राहत नाही. मग तिच्यावर त्याचं नाव कशाला? ते नाव जन्मभर घेणाऱ्याला काय सांगत असतं?

नाव घालायची सुरुवात खरं तर साध्या सोयीतून झाली असणार. कार्य निघालं की शेजारपाजारची पातेली, घंगाळं, ताटं गोळा व्हायची. जेवणावळी उठल्यावर ती ज्याची त्याला परत जायला हवीत. तिथे नाव म्हणजे पत्ता. वस्तू माझी आहे, मला परत द्या. आहेरावरचं नाव दिसायला तसंच, पण त्याचा अर्थ बरोबर उलटा आहे. वस्तू आता तुझी आहे, पण ती माझ्याकडून आली हे विसरू नकोस. पहिलं नाव भांडं परत मागतं. दुसरं काय परत मागतं?

मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1925 साली भेटवस्तूंवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात सांगितलं की भेट कधीच फुकट नसते. दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचा काही अंश राहतो आणि तो परतफेडीकडे ओढत असतो. मोसची उदाहरणं पॉलिनेशियातली आणि वायव्य अमेरिकेतली होती. आमच्या घरातली आहेराची वही त्याने बघितली असती तर निबंध निम्म्या वेळात झाला असता. कोणाकडून काय आलं हे त्या वहीत लिहिलेलं असतं, आणि त्यांच्याकडे कार्य निघालं की ती वही काढून त्याच तोलाचं काहीतरी नेलं जातं. यात वाईट काही नाही. फक्त ‘सप्रेम’ या शब्दावर थोडा ताण येतो.

धातूवर दात्याचं नाव कोरण्याची आपली परंपरा स्टीलच्या डब्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे. राजे जमिनी दान करायचे आणि ते दान तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेणाऱ्याच्या हातात द्यायचे. तिथे दात्याचं नाव हा मिरवण्याचा भाग असला तरी गरजही होती, कारण ताम्रपट म्हणजे त्या माणसाच्या जमिनीचा कागद. देणारा कोण हे त्यावर नसेल तर पुढच्या राजाचा अधिकारी त्याला उभं करणार नाही. म्हणून शेवटी शापही कोरलेला असायचा: जो ही जमीन परत घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. काही ताम्रपटांत मजकूर रचणाऱ्याचं आणि कोरणाऱ्याचंही नाव येतं, कधी कोणी सोनार, कधी कासार. बऱ्याचदा मजकूर आधी शाईने लिहून दिला जायचा आणि कोरणारा त्यावरून कापत जायचा. आज अभ्यासक त्या कोरणाऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत बसतात. चाळीस मिनिटांचा ‘ळ’ कापल्यापासून माझी सहानुभूती पूर्णपणे कोरणाऱ्याकडे आहे.

यातला माझा आवडता ताम्रपट संजाणचा, शके 793 म्हणजे इसवी सन 871 मधला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा. गाव दान दिल्याचा हा लेख. त्यात राजाची स्तुती करताना कवी एका जुन्या दात्याला टोमणा मारतो. गुप्त वंशातल्या त्या माणसाने म्हणे भावाला मारून राज्य आणि राणी घेतली, आणि मग दानपत्रांत लाख, कोटी असले आकडे लिहवून घेतले. अमोघवर्ष मात्र खरा दाता, त्याने लोकांवरचं संकट टळावं म्हणून महालक्ष्मीला स्वतःचं बोट वाहिलं. गुप्त वंशातल्या दात्याचं दान अजिबात गुप्त नव्हतं, हा विनोद मला आवरत नाही. पण गंमत याहून मोठी आहे. दुसऱ्याच्या कोरीव बढाईवरची ही टीकासुद्धा तांब्यावर, आपल्या राजाच्या नावाने, कोरूनच ठेवली आहे.

मग नाव नकोच, हे उत्तर सोपं वाटतं. या हाताने दिलेलं त्या हाताला कळू नये असं आपण म्हणतो. बाराव्या शतकातल्या मैमोनिडीज या ज्यू तत्त्वज्ञाने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यात देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नसणं ही वरून दुसरी पायरी आहे. मला ही पायरी आवडते. तरी ती सगळीकडे लावायला मी तयार नाही. निवडणूक रोख्यांमध्येही देणाऱ्याचं नाव मतदाराला कळत नव्हतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी ती योजना नेमकी याच मुद्द्यावर घटनाबाह्य ठरवली. घेणाऱ्याच्या हातात सत्ता असेल तर गुप्तदानाला दुसरं नाव पडतं. गणपती मंडळाच्या फळ्यावर वर्गणीदारांची नावं आकड्यांसकट लागतात त्याला आपण हसतो, पण त्या फळ्यामुळे खजिनदारालाही झोप नीट लागते.

आणि नाव न कोरता मिरवण्याची सोय आता प्रत्येकाच्या खिशात आहे. रस्त्यावर झोपलेल्या माणसाच्या अंगावर ब्लँकेट टाकतानाचं रील तुम्हीही पाहिलं असेल. खाली हृदयांचा पाऊस. बाकावर कोरलेलं ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ मला त्यापेक्षा फार सभ्य वाटतं. बाकावर बसणाऱ्याकडून ते काही घेत नाही. कोरायचा खर्च देणाऱ्याने केलेला असतो. रीलमध्ये तो खर्च घेणाऱ्याच्या चेहऱ्यातून वसूल होतो, आणि त्याला कोणी विचारलेलंही नसतं.

इथपर्यंत माझं गणित बऱ्यापैकी जुळत आलं होतं. नाव हिशेबासाठी असेल तर असावं, मिरवायला असेल तर नसावं. मग मावशीचा फोन आला.

मावशी ज्या तालुक्याच्या गावी शिकली तिथल्या मुलींच्या वसतिगृहाला तिला पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा पिंप द्यायचा होता. पैसे तिचे स्वतःचे, शिवणकामाचे. “तू ते कोरायचं शिकतेयस ना? मग एक पितळी पट्टी कर मला, पिंपावर लावायला. माझं नाव घाल. जुनं.”

जुनं म्हणजे माहेरचं. 1978 साली तिचं लग्न झालं तेव्हा आडनावाबरोबर पहिलं नावही बदललं. नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साखर वाटली. पुढे त्या तांदळांचा भात झाला असेल. ते नाव मात्र टिकलं, रेशनकार्डापासून आधारपर्यंत. तिच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर माहेरच्यांनी दिलेल्यावर तिच्या वडिलांचं नाव आहे, सासरच्यांवर सासऱ्यांचं, आहेरातल्यांवर देणाऱ्यांची. तीसेक नावं असतील. तिचं एकही नाही, जुनंही नाही आणि नवंही नाही. जुनं नाव फक्त शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आहे.

मावसभावाला हे लागलं. त्याचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली आहेत. स्मरणार्थ काही द्यायचं तर त्यांचं नाव नको का, असं त्याचं म्हणणं, आणि ते अगदीच चूक म्हणता येणार नाही. काका भला माणूस होता. तिला शिलाई मशीन त्यानेच घेऊन दिलं होतं. मावशी रागावली नाही. “अरे, ह्यांचं नाव आहेच की माझ्या नावात. मधोमध. 46 वर्षं आहे. ते मी कुठे काढलंय?”

मी तिला माझी शंका विचारली. “त्या नावाने तुला ओळखणारं आता तिथे कोण आहे? मुली वाचतील आणि त्यांना काहीच कळणार नाही.”

“मग बरंच आहे की,” ती म्हणाली.

यावर मी अजूनही विचार करते आहे. माझ्या हिशेबात हे कुठेच बसत नाही. नाव कोरलेलं आहे, ठळक, पितळेवर. आणि दान गुप्त आहे, कारण ते नाव आता कोणाचंच नाही. आभार मानायला त्या नावाच्या बाईला शोधत कोणी आलं तर त्याला ती सापडणार नाही. मिरवायचं असतं तर तिने आधारवरचं नाव घातलं असतं. लपायचं असतं तर काहीच घातलं नसतं. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी त्या वसतिगृहात राहायची, आणि पिंप बहुधा तिच्याकडून आहे. असं मी म्हणते. मावशी असलं काही बोलली नाही, ती पट्टीला भोकं किती आणि कुठे पाडायची ते सांगत होती.

‘यांजकडून’ घालू का, असं विचारलं तर नको म्हणाली. श्रीमती, सौ., कुमारी यातलंही काही नको. फक्त नाव आणि आडनाव. ते नाव इथे द्यायलाही तिने मनाई केली आहे. मला दोन शनिवार लागले. जोडाक्षर एकच होतं, पण पितळ जाड होतं आणि दर दोन अक्षरांनंतर कलमाला धार लावावी लागली. शिरोरेषा शेवटी, दोन्ही शब्दांची वेगवेगळी. मशीनवर नीट आली असती त्यापेक्षा ती किंचित चढी आली आहे.

जूनमध्ये पिंप गेला. दुसऱ्या दिवशी वसतिगृहातून अधीक्षक बाईंचा फोन आला. पट्टीवरचं नाव त्यांच्या यादीतल्या कोणाचंच नाही, तर पावती कोणाच्या नावाने करायची, असं त्या विचारत होत्या.

“पावती आधार कार्डावरच्या नावाने करा,” मावशी म्हणाली, आणि स्पेलिंग सांगितलं.