सांधलेला पंख

परवा रत्नागिरीच्या चंपक मैदानावर भाच्याचं रिमोटवर उडणारं छोटं जेट विमान जांभ्या दगडावर नाक आपटून पडलं. उजवा पंख मुळातून तुटला. पोर रडवेलं झालं.

रात्री ओटीवर आम्ही सगळे तुकडे मांडून बसलो. चेपलेला फोम गरम पाण्यात धरला, तसा तो हळूहळू फुगून आला. पंखात कार्बनची नवी काडी घालून एपॉक्सी लावलं आणि सकाळपर्यंत हात लावला नाही. मग दोन बोटांवर विमान तोलून पाहिलं. नाक जड झालं होतं, म्हणून बॅटरी जराशी मागे सरकवली.

राइट बंधूंचं विमानही १४ डिसेंबर १९०३ रोजी उडताच वाळूत आपटलं होतं. त्यांनी ते दुरुस्त केलं आणि १७ तारखेला ते १२ सेकंद हवेत राहिलं. ते उड्डाण जग विसरलं नाही; पण ते घडलं मधल्या दुरुस्तीच्या दिवसांमुळे.

आपल्याही घरात एखादं काम, एखादं नातं मोडून पडलेलं असेल. आज त्याचे तुकडे नीट गोळा करूया. सांधा सुकायला वेळ लागतो, तेवढा तो देऊया.